काळात मागे जाणारा माणूस ऐतिहासिक कादंबरीत आला की तुम्हाला काय ओढतं? (नागपूरकरांचे अनुभव)

साध्या ऐतिहासिक कादंबरीत पात्रांना पुढचं माहीत नसतं, आपल्याला माहीत असतं, पण आपण पुस्तकाच्या बाहेर बसलेलो. काळप्रवास आला की आपल्यातलाच एक जण आत जातो, सगळं माहीत असलेला, आणि त्याची जी घुसमट होते ना ती थेट माझी होते.

आपल्या सीताबर्डीचंच घ्या. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला, इंग्रजांकडे तेराशेच्या आसपास माणसं, आप्पासाहेब भोसल्यांची फौज कितीतरी मोठी. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेबांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली सुद्धा! म्हणजे जिंकतच होते. आणि दुपारपर्यंत सगळं उलटं, आधी इंग्रजांच्या कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडेस्वारांची धडक, मग टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट, की टेकडी गेली. आता त्या सकाळी तिथे आजचा एक नागपूरकर उभा आहे आणि आजूबाजूला लोक आनंदाने ओरडून राहिले. त्याने कोणाला काय सांगावं? अनोळखी माणसाचं कोण ऐकेल? मला अख्खी कादंबरी तेवढ्या दोन-चार तासांची वाचायला आवडेल.

तुमचं सांगा. आवडत नसेल तर तेही लिहा.

महालातली
मला लढाया नकोत, मला वाड्याच्या आत जायचंय. बखरी माजघरात जातच नाहीत हो! 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले गेले, वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं, वाड्यातले हत्ती-घोडे विकले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं, हे आपण दोन ओळींत वाचतो. पण ज्या दिवशी पेट्या उघडून दागिने मोजायला घेतले त्या दिवशी राणी बांकाबाई कुठे बसल्या होत्या, दासी काय कुजबुजत होत्या, त्या दिवशी चूल पेटली का? आजची बाई त्या घरात शिरली तर तिची नजर पहिल्यांदा तिकडेच जाणार. म्हणून मला काळप्रवासाच्या गोष्टी आवडतात, त्या माणसाला प्रत्येक गोष्ट नवी असते त्यामुळे लेखकाला ती नीट दाखवावीच लागते, "मग भोजने झाली" म्हणून पुढे सरकता येत नाही.

अकरावीचा मास्तर
जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' इंग्रजीतून एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, मी ती वर्गात शिकवतो. इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जातात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय, कारण विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून जाते. पोरं त्या गोळीवर इतकी भांडतात की तास संपला तरी उठत नाहीत. एकदा एका पोरीनं विचारलं, सर गोळी चुकली तरी पोटात अन्न कुठून येणार? बरोबर आहे तिचं, 14 जानेवारी 1761 ला फौज बाहेर पडली ती रसद तुटून उपासमार सुरू झाल्यावर. मग आम्ही फळ्यावर लिहायला घेतलं की मागे जाऊन एकच गोष्ट बदलायची तर कोणती. कोणी म्हणे यात्रेकरूंना सोबत नेऊ नका, कोणी म्हणे सुरजमल जाटाला दुखवू नका, एक जण म्हणाला दिल्लीकडची वाट आधी मोकळी ठेवा. पाठ्यपुस्तकात 'पराभवाची कारणे' म्हणून हेच असतं आणि तिथे पोरं जांभया देतात. इथे मात्र तेच प्रत्येकाला स्वतः निवडायचं होतं.

नाईट ड्यूटीवाली सिस्टर
परदेशी कादंबऱ्यांमध्ये 1945 ची नर्स 1743 च्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते ती मालिका मी ड्यूटीच्या मधल्या वेळात वाचली. लोक त्यातलं प्रेम वाचतात, मी जखमा वाचते. चिघळलेली जखम, आजूबाजूला कळकट कापडं, आणि हिला माहीत आहे की आधी पाणी उकळा, हात धुवा, पण समजावणार कसं? आपल्या वॉर्डात हात न धुता कोणी ड्रेसिंगला हात लावला तर मी ओरडते आणि ऐकतात, कारण माझ्या मागे अख्खं शास्त्र उभं आहे. तिच्या मागे कोणी नाही. आणि हे नुसतं कल्पनेतलं नाही बरं का, सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने 1847 मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांना हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू कमी झाले, तरी बऱ्याच डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. तो तर त्याच काळातला होता! तिथे भविष्यातून आलेल्या बाईचं काय होईल? हा प्रश्न जी गोष्ट प्रामाणिकपणे घेते ती मी एका दमात वाचते.

इतवारीचा भाऊ
मला इतिहास बदललेलाच आवडतो. आप्पासाहेब निसटून रानात गेले, शेवटी 1840 ला जोधपुरात वारले, तेच तेच किती वाचायचं? जिंकू द्या की एकदा.

वेळेचा पक्का
तपशील चुकला की माझ्यासाठी संपलं. 1761 च्या वाड्यात पाहुण्याला चहा दिला की मी पुस्तक बंद करतो. नागपूरला रेल्वे आली 1867 ला, त्याआधी बैलगाडीने पुण्याला जायचं तर रोज वीस-पंचवीस किलोमीटर धरले तरी महिना. आजचा माणूस त्या गाडीत चौथ्या दिवशी कसा होईल हे लिहा ना, पाठ, धूळ, रात्रीचा अंधार, सगळं.

दीक्षाभूमीजवळची
सगळे कुठे जायचं ते सांगून राहिले, पण तिथे गेल्यावर आपण कोण असणार हे कोणीच बोललं नाही. महालातल्या ताई, तुम्ही माजघरात जाल. मला वाड्याच्या दारात तरी उभं करतील का?

ऑक्टेव्हिया बटलरची 1979 ची एक कादंबरी आहे, 'किंड्रेड'. 1976 मधली कृष्णवर्णीय बाई गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. तिला तिथे इतिहास पाहायला मिळतच नाही, पोचल्या क्षणी ती कोणाची तरी मालमत्ता ठरू शकते. ते वाचल्यापासून पेशवाईतला काळप्रवास मला फिरायला गेल्यासारखा वाचताच येत नाही. असं आपल्याकडे, आपल्या बाजूने, मराठीत यायला पाहिजे आणि पूर्ण ताकदीने यायला पाहिजे.

मला एकच दिवस द्या, 14 ऑक्टोबर 1956. माझी आजी त्या गर्दीत होती, पांढरं लुगडं नेसून, कडेवर माझे बाबा. बाबासाहेबांचा आवाज लाऊडस्पीकरवरून यायचा आणि ती पूर्ण वेळ टाचा उंच करून उभी, असं सांगायची. मी तिच्या शेजारी उभी राहीन. सगळे आनंदात, आणि मला एकटीला माहीत की 6 डिसेंबर दोन महिन्यांच्या आत आहे. धागा काढणाऱ्या दादांनी घुसमट म्हटलं ती ही. मी सांगणार नाही कोणाला. आजीचा तो दिवस मी मोडणार नाही.

महालातली
ताई, मी दासींची कुजबुज लिहिली तेव्हा मी स्वतः कोण असेन हे गृहीतच धरलं होतं. तुमचा एकच दिवस पूर्ण लिहा, मी वाचेन.

मिलवाल्यांचा पणतू
मला ना राजा पाहिजे ना लढाई. एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, टाटांची. आमचे पणजोबा पुढे तिथे लागले एवढंच घरात माहीत आहे, फोटो नाही काही नाही. पाळी सुटताना गेटवर उभं राहायचं आणि कापसाच्या तुसाने पांढरे झालेले माणसं निघतात त्यात आपला कोण ते चालीवरून ओळखायचं. बाबा आणि मी सारखेच चालतो म्हणतात, म्हणजे ते पण तसेच चालत असतील. मग त्यांच्यासोबत घरापर्यंत जायचं, नाव न सांगता, मजुरी किती, भाकरी कोणाच्या हातची, गाव का सोडलं, विचारत विचारत. अशी साध्या माणसाची काळप्रवासाची गोष्ट मराठीत कोणी लिहिली असेल तर नाव सांगा राजेहो, मी उद्याच घेतो.