निवृत्त प्राथमिक शिक्षिकेची मुलाखत: ‘मुलं फार गोड होती’च्या पुढे कसं जायचं?

रेघोटी
एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेच्या नोकरीचा सगळा काळ ध्वनिमुद्रित करून त्यावरून छोटी पुस्तिका करायची आहे. बाईंचं वय ८१, स्मरण उत्तम, ऐकू जरा कमी येतं. वर्गाचे फोटो, टाचणवह्या (रोज काय शिकवायचं त्याच्या नोंदवह्या), बदल्यांची पत्रं हाताशी आहेत. अडचण एकच: ‘अनुभव सांगा’ म्हटलं की निरोपसमारंभाचं भाषण सुरू होतं. प्रश्न कसे काढावेत? फोनवरचं रेकॉर्डिंग चालेल का?

हातचा एक
‘कसं वाटलं?’ विचारलंत तर भाषणच येणार. ‘काय करायचात?’ विचारा, आणि जमेल तिथे करूनच दाखवायला लावा.

कागदावर ५२ − २७ = ३५ असं लिहून पुढे ठेवा. ‘दुसरीतल्या मुलानं हे लिहिलंय, आता?’ दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातूनच दोन काढून मोकळं होतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मुरलेल्या बाई हे उत्तर बघताक्षणी ओळखतात. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडायच्या, एक गठ्ठा सोडायचा, चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या हे मुलाकडूनच मोजून घ्यायचं, आणि हातच्याची खूण फळ्यावर त्यानंतर. की बाई आधी फळा आणि मग काड्या असं करायच्या? तो क्रम विचारा. पुढे बदलला असेल तर कशामुळे, तेही. काड्या खरोखरच टेबलावर ठेवा. व्हिडिओ घेतलात तर फक्त हातांचा घ्या. चेहऱ्यासमोर कॅमेरा आला की पुन्हा भाषण.

असेच बाकीचे विषय: अक्षर उलटं काढणारं मूल, एका खोलीत दोन इयत्ता (एका गटाला लेखन दिलं की दुसऱ्याचं तोंडी, हे सगळे सांगतात, वह्या तपासायच्या कधी, ते विचारा), पहिल्या दिवशी दाराशी रडणारं पोर. प्रश्नांची यादी आधी देऊ नका, उत्तरं लिहून आणतील. नुसते विषय सांगा. आणि हो, थोड्या वेळानं त्या तुमचीच तोंडी परीक्षा घेऊ लागतील. घेऊ द्या, त्यात त्यांची शिकवण्याची पद्धत आयती मिळते.

कानोसा
फोन चालेल, पण विमान मोडवर. टेबलावर सरळ ठेवू नका, खाली घडी केलेला टॉवेल घाला. नाहीतर कपाचा प्रत्येक ठोका ऐकू येतो. कॉलर माइक मिळाला तर उत्तम: हनुवटीखाली साधारण वीतभर, पदर किंवा ओढणी घासणार नाही असा. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. एका चॅनेलचे (मोनो) तासाला सुमारे ५०० एमबी होतात. आवाजाची पातळी ॲपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, शून्याला टेकली की आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर नीट सुधारत नाही. पंखा बंद.

ऐकू कमी येतं म्हणून ओरडू नका. वयोमानानं आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ निसटतात. समोर, उजेडात बसा, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोला. बैठक तासाभराची पुरे. खोलीत तिसरं माणूस नको, घरचे मधेच ‘अहो, ते नंतरचं’ म्हणून तोडतात. एक तास उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात, तेव्हा बैठका त्या हिशेबानं ठरवा.

जुनी वही
सन विचारू नका. ‘तेव्हा कुठली शाळा, कुठली इयत्ता?’ असं विचारा. लांब कागदपट्टीच्या मधोमध वर्षं, वर शाळा आणि इयत्ता, खाली घरातल्या घटना लिहा. पक्क्या तारखा फक्त नेमणुकीच्या आणि बदलीच्या पत्रांवरून घ्या. पाठ्यपुस्तकावरच्या मुद्रणवर्षावरून ‘त्याआधीचं नाही’ एवढंच कळतं. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त येतात, त्यामुळे नोकरीची सुरुवातीची वर्षं भरभरून आणि शेवटची दहा कोरडी निघतील. टाचणवह्या तिथे उघडा.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. चिकट पानाच्या अल्बममधून ओढून काढू नका, निघत नसेल तर पानासकट स्कॅन. मागे बॉलपेननं काही लिहू नका. मऊ पेन्सिल, तीही हलक्या हातानं.

रेघोटी
टाचणवह्यांत मुलांची नावं आणि शेरे आहेत. ते छापावेत का?

जुनी वही
नावासकट नाही. ती मुलं आज मोठी माणसं आहेत, आणि ‘घरी मारहाण’ असा शेरा त्यांना विचारल्याशिवाय छापायचा नसतो. नाव, गाव, वर्ष तिन्ही काढलं तरी लहान शाळेत माणूस ओळखू येतो, म्हणून असे शेरे गाळाच. बाईंकडून लेखी संमती घ्या, आणि त्यात ध्वनिमुद्रण कोण ऐकू शकेल ते वेगळं लिहा. पुस्तिकेला हो म्हणणारी व्यक्ती आवाज सर्वांसमोर जायला नाही म्हणू शकते.