आयर्नमॅन पेंटिक्टन: शहरानं घालवली की कंपनीनं?

पेडलपुराण

कॅनडातल्या पेंटिक्टन गावची आयर्नमॅन (पोहणं, सायकल, पळणं अशी सलग शर्यत) २०२४ ला शेवटची झाली. २०२५ पासून 'आयर्नमॅन कॅनडा' हे नाव ओटावाला गेलं. आमच्या सायकल ग्रुपवर सगळ्यांनी आयर्नमॅन नावाची मालक असलेल्या कंपनीच्या नावानं बोटं मोडली. माझं मत उलटं आहे. ही शर्यत गावानं २०१२ मध्येच घालवली होती, २०२४ ला फक्त तेरावं उरकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हँकूव्हरचे एक जिमवाले, रॉन झाल्को, यांनी १९८३ साली २३ जणांना घेऊन ही सुरू केली. १९८६ ला आयर्नमॅनचं नाव मिळालं. ३.८ किमी ओकानगन तलावात पोहा, १८० किमी सायकल हाणा, वर अख्खी मॅरेथॉन पळा, सगळं १७ तासांत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १९९९ पर्यंत पूर्ण आयर्नमॅन नव्हतीच (ती लेक प्लॅसिडला आली), त्यामुळे हवाईतल्या कोनाला होणाऱ्या जागतिक स्पर्धेचा स्लॉट, म्हणजे प्रवेश, मिळवायला अर्धी अमेरिका या फळबागांच्या गावात यायची.

आणि २०१२ ला, तिसाव्या शर्यतीनंतर, नगरपालिकेनं कंपनीशी काडीमोड घेतला आणि 'चॅलेंज' या दुसऱ्या शर्यत-मालिकेशी घरोबा केला. आयर्नमॅन उठून व्हिस्लरला गेली, स्लॉटही तिच्यासोबत गेले. लोक तलाव बघायला येत होते असं गावाला वाटलं. लोक स्लॉटसाठी येत होते.

कालव्याकाठचा

साफ असहमत. जर्मनीतलं रोथ बघा. २००१ पर्यंत तिथे 'आयर्नमॅन युरोप' व्हायची. नाव गेलं, २००२ ला त्यांनी 'चॅलेंज रोथ' म्हणून तीच शर्यत चालू ठेवली. स्लॉट नाही, काही नाही. तरी नोंदणी उघडली की बघता बघता संपते. २०२४ ला आने हाउगनं ८ तास २ मिनिटे ३८ सेकंदांची महिलांमधली विक्रमी वेळ तिथेच दिली. मग नावाशिवाय शर्यत मरते हे कुठलं शास्त्र?

कंपनीचं म्हणाल तर २००८ पासून ती एका गुंतवणूक फंडाची, २०१५ ला ६५ कोटी डॉलरला चीनच्या वांडाची, २०२० ला पुन्हा तिसऱ्याच मालकाची. अशा मालकाला पेंटिक्टनच्या सायकल मार्गावरचा यलो लेकचा चढ कुठे आहे हे तरी माहीत असेल का?

पेडलपुराण

रोथ न्यूरेंबर्गच्या बाजूला आहे हो! आणि जर्मनी म्हणजे ट्रायथलॉनचं माहेरघर. पेंटिक्टनची वस्ती जेमतेम ३७ हजार, व्हँकूव्हरहून डोंगर ओलांडत चार-पाच तास गाडी. तुलना करताना काही तरी तारतम्य बाळगा.

घाटमाथा

दोघांचंही अर्धवट. रोथमध्ये शर्यत वाल्शहोफर कुटुंबाच्या हातात होती, ते तिथलेच. पाटी बदलली तरी दुकान घरचंच राहिलं. पेंटिक्टननं एका परक्या नावाचा परवाना सोडून दुसऱ्या परक्या नावाचा घेतला. मग स्वतःचं असं राहिलं काय? पालिकेनं भांडायला हरकत नव्हती. भांडून झाल्यावर शर्यत गावातल्याच एखाद्या संस्थेकडे द्यायला हवी होती.

ओकानगनची पाहुणी

मी व्हँकूव्हरजवळ राहते, २०२२ ला तिथे स्वयंसेवक होते. माझं काम वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा घट्ट रबरी सूट, काढायचं. पोहून आलेला माणूस धडपडत येतो, तुम्ही त्याला गवतावर आडवं पाडायचं, दोघींनी कमरेपासून धरायचं आणि एका हिसक्यात पायातून ओढायचं. वेळ मोजणारी पायातली चिप सूटबरोबर निघाली की पुन्हा बोंबाबोंब! माझ्या जोडीला एक आजी होत्या. त्या झाल्कोंच्या काळापासून येत होत्या, कंपनी कोणाची याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. दर ऑगस्टला घरात चार परके खेळाडू उतरवायचे, एवढंच त्यांना ठाऊक.

आता मुद्दा. तुम्ही सगळे करारावर भांडताय, वणव्याचं नाव कोणीच काढत नाही. आयर्नमॅन पेंटिक्टनला परत आणायचं ठरलं २०२० साठी. ती आणि २०२१ ची कोविडनं खाल्ली. २०२२ ला झाली. २०२३ ला शर्यतीला आठवडा उरला असताना जवळच्या केलोना शहराकडे आग लागली. हॉटेलच्या खोल्या घरं सोडून आलेल्यांसाठी आणि अग्निशामक दलासाठी हव्यात, म्हणून सरकारनं पर्यटकांना पेंटिक्टनमध्येही मुक्काम बंद केला. शर्यत रद्द. म्हणजे पाच वर्षांत झाल्या फक्त दोन. वर्षभर घाम गाळून, विमानाचं तिकीट काढून, ऑगस्टमध्ये तिथे धूर असेल की नाही यावर कोण पैसे लावेल?

पेडलपुराण

ताई, धुराचा मुद्दा मान्य. पण वणवे त्या खोऱ्यात २००३ लाही होते, केलोनाची कितीतरी घरं जळली होती. तरी पुढे वर्षानुवर्षं शर्यत गच्च भरायची. २०१२ ला सिस्टर मॅडोना ब्यूडर या जोगीण ८२ व्या वर्षी १६ तास ३२ मिनिटांत पूर्ण करून गेल्या, तोपर्यंत जोर कायम होता. नंतरची दहा वर्षं वाया घालवली कोणी?

मिरामारकर

कॅनडाचं राहू द्या, आमच्या गोव्याचं सांगा. २०१९ पासून मिरामारला ७०.३ होते, म्हणजे अर्धी: १.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१ पळणं. पुण्या-कोल्हापूरची निम्मी मंडळी तिथेच दिसतात. उद्या परवाना गेला तर त्याच मिरामारला, त्याच अंतराची, बिननावाची शर्यत घेतली तर तुम्ही याल?

घाटमाथा

मी येईन. फी निम्मी ठेवा म्हणजे झालं.

पेडलपुराण

तुम्ही याल हो. पण पोटरीवर एम-डॉटचा (आयर्नमॅनच्या चिन्हाचा) टॅटू काढायचा म्हणून वर्षभर पहाटे चारला उठणारे येणार नाहीत, आणि शर्यतीचा खर्च त्यांच्याच फीमधून निघतो. मिलिंद सोमणनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची पूर्ण केली तेव्हा बातमी 'आयर्नमॅन' अशीच झाली ना? '२२६ किलोमीटर' अशी कोणी छापली?

कालव्याकाठचा

छान उदाहरण दिलंत! झुरिकची तरी कुठे राहिलीय? २०१९ नंतर तीही उचलून स्वित्झर्लंडमधल्याच थुनला नेली. झुरिकनं कोणाशी काडीमोड घेतला होता ते सांगा आता.