भरलेल्या आणि रिकाम्या ट्रेलरला सर्वांत किफायतशीर वेग कोणता?

अंबडचा_वाहतूकदार

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून माल घेऊन आमचे बंद बॉडीचे ट्रॅक्टर-ट्रेलर सिन्नरमार्गे समृद्धी महामार्गाला लागतात आणि पुढे नागपूरपर्यंत सुमारे साडेपाचशे किलोमीटर जवळजवळ एकाच वेगाने चालतात. जाताना एकूण वजन ४० टनांच्या आसपास असते. परतीचे भाडे मिळाले नाही तर गाडी १५ टनांची, म्हणजे रिकामीच येते. जड वाहनांना तेथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, वेगनियंत्रकही तेवढ्यावरच बांधलेला आहे, त्यामुळे चालक सरसकट ८० धरून बसतात. भरलेली गाडी सावकाश चालवण्यास ते तयार आहेत, परंतु रिकाम्या गाडीला वेगाने डिझेल जास्त लागत नाही, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे. हे खरे आहे काय, आणि योग्य वेग कसा काढावा?

यंत्र_अभियंता

वस्तुस्थिती चालकांच्या म्हणण्याच्या अगदी उलट आहे. सपाट रस्त्यावर गाडीला मुख्यतः दोन विरोध असतात. चाकांचा रोध वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला वजनाशी काहीही देणेघेणे नसते. चाकांच्या रोधाचा गुणांक ०.००६ धरला, तर ४० टनांना सुमारे २,३५० न्यूटन आणि १५ टनांना सुमारे ८८० न्यूटन लागतात. बंद बॉडीच्या उभ्या तोंडाच्या गाडीचे समोरील क्षेत्रफळ आणि हवारोध गुणांक यांचा गुणाकार साडेसहा चौरस मीटर धरल्यास हवेचा रोध ८० ला सुमारे १,८४० आणि ६५ ला सुमारे १,२२० न्यूटन येतो.

म्हणजे ८० वरून ६५ वर आल्यावर भरलेल्या गाडीचा एकूण विरोध १५ टक्क्यांनी, तर रिकाम्या गाडीचा तब्बल २३ टक्क्यांनी घटतो. लिटरच्या हिशेबात बचत दोन्ही वेळा जवळपास सारखीच होते, कारण कमी झाला तो फक्त वाऱ्याचा भाग. इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के आणि गिअर व डिफरन्शियल (मागच्या चाकांना शक्ती पोहोचवणारी दातेरी चाके) यांमधील घट १० टक्के धरून पाहिले, तर दर शंभर किलोमीटरला पावणेपाच ते पाच लिटर वाचतात. रिकामी गाडी एकूण डिझेलच कमी पिते, म्हणून वाया गेलेले लिटर चालकाच्या डोळ्यांत भरत नाहीत, एवढेच.

सिन्नर_फाटा

वरील हिशेब मान्य आहे, परंतु त्यातून ‘जितके हळू तितके बरे’ असा अर्थ कोणी काढू नये. खालची मर्यादा इंजिन ठरवते. डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.७, टॉप गिअर सरळ एकास एक आणि टायरचा परीघ ३.२ मीटर असेल, तर ८० ला इंजिन सुमारे १,५४० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरते, ६५ ला १,२५० वर आणि ५० ला ९६० वर. आरपीएम मीटरवरचा हिरवा, म्हणजे किफायतशीर फेऱ्यांचा, पट्टा ज्या आकड्याला सुरू होतो, त्याच्या खाली भरलेली गाडी टॉप गिअरमध्ये रेटली की इंजिन घुसमटते. गिअर उतरवला की आरपीएम पुन्हा चढतात आणि हळू चालण्याचा फायदा त्यातच जिरतो. आपल्या गाडीचे गुणोत्तर माहितीपुस्तिकेतून घ्यावे, ओव्हरड्राइव्ह (एकापेक्षा कमी गुणोत्तराचा टॉप गिअर) असल्यास तेही गुणावे, आणि टॉप गिअरमध्ये हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकापेक्षा थोडे वर राहणारा वेग काढावा. पट्टा १,१०० च्या आसपास सुरू होतो असे धरल्यास वरच्या उदाहरणात तो ६० ते ६५ येतो.

पडताळणी मात्र एका खेपेवर करू नये. टाकी फुल ते टाकी फुल या पद्धतीत पाच लिटरचा फरक पंपावर गाडी नुसती तिरकी उभी राहिल्यानेही पडतो. पंप तोच ठेवावा, वजनकाट्याची पावती जपावी, टायरची हवा थंड असताना तपासावी आणि अनेक भरण्यांची बेरीज घ्यावी. पावसाळ्यात विशेष सावध असावे, कारण तेव्हा वारा पश्चिमेकडून असतो आणि नागपूरहून परतणारी गाडी त्याच्या तोंडावर चालते. समोरून ताशी २० चा वारा असताना ६५ च्या गाडीला हवेचा रोध ताशी ८५ ने चालल्याएवढा लागतो. अशा परतीची तुलना जातानाच्या खेपेशी करून चालकाला जाब विचारणे अन्यायाचे आहे.

द्राक्ष_हंगाम

डिझेलइतकाच वेळेचाही भाव लावावा. ८० ऐवजी ७० ने गेल्यास शंभर किलोमीटरमागे सुमारे ११ मिनिटे जातात आणि सव्वातीन लिटर वाचतात. ७० वरून ६० वर आल्यास आणखी १४ मिनिटे जातात आणि जेमतेम तीन लिटर वाचतात. पहिली दहा किलोमीटरची कपात स्वस्तात पडते, दुसरी महाग. डिझेल ९० रुपये धरले, तर पहिल्या कपातीतला प्रत्येक मिनिट २७ रुपयांच्या आसपास मिळवून देतो. गाडीचा हप्ता आणि चालकाचा पगार मिनिटावर आणून त्याच्याशी ताडून पाहावे.

आम्ही द्राक्षांचे शीतकंटेनर न्हावा शेवा बंदराला नेतो, त्यामुळे आमचा हिशेब थोडा वेगळा आहे. कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर तासाला तीनेक लिटर डिझेल खातो आणि त्याला गाडीच्या वेगाशी कर्तव्य नसते, म्हणून प्रवास लांबला की त्याचा खर्च वाढतो. बंदराच्या फाटकाची वेळ चुकली, तर वाचवलेले सगळे लिटर रांगेत उभ्या उभ्या जळतात. आम्ही ७० वर स्थिरावलो आहोत.

अंबडचा_वाहतूकदार

आभारी आहे. रिकाम्या गाडीला ६५ आणि भरलेल्या गाडीला पोहोचण्याची वेळ ठरलेली असल्यास ७०, असे सुरू करून पाहतो. एक शंका उरते : काही गाड्या भिवंडीहून भरून कसारा घाट चढून येतात. तेथे कोणता वेग धरावा?

यंत्र_अभियंता

घाटात वेगाचा प्रश्न दुय्यम आहे. ४० टन वजन १०० मीटर उंच नेण्यासाठी, वरचीच कार्यक्षमता धरून, चाकांच्या व हवेच्या रोधाव्यतिरिक्त सुमारे तीन लिटर डिझेल लागतेच, मग गाडी ३० ने चढो वा ४० ने. तेथे हिरव्या पट्ट्यात राहील असा गिअर धरावा आणि मधे वारंवार बदलू नये. उतरताना मात्र काही चालक डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करतात, ते तत्काळ बंद करावे. गिअरमध्ये राहून पेडलवरचा पाय काढला की आताच्या इंजिनांत इंधन पूर्णपणे तुटते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते, आणि ४० टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.