मदत हवी आहे : 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं ऑडिओबुक ऐकतोय, नायिकेच्या आवाजापाशी अडलंय

नमस्कार मंडळी,

पहिल्या महायुद्धातल्या इटलीत घडणारी हेमिंग्वेची ही १९२९ची कादंबरी ज्यांनी कानाने ऐकली आहे, त्यांची मतं हवी आहेत. कृपया शेवट फोडू नका. आम्ही दुसऱ्या भागात, मिलानच्या हॉस्पिटलात पोचलोय.

आम्ही म्हणजे आई आणि मी. आईला बारीक अक्षर आता दिसत नाही, त्यामुळे तिचं सगळं वाचन ऐकण्यावर आलंय. इंग्रजी तिला उत्तम समजतं. आमच्याकडची आवृत्ती संपूर्ण आहे, काटछाट नाही, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पुरुष वाचक. निवेदन तो फार सुंदर वाचतो. पहिल्याच प्रकरणात धूळ, झाडांची पानं, रस्त्याने जाणाऱ्या पलटणी आणि शेवटी कॉलऱ्याने गेलेल्या सात हजार सैनिकांचा जाता जाता केलेला उल्लेख. तिथे त्याने आवाज जराही जड केला नाही, म्हणून ते वाक्य जास्तच लागलं. आईने ते प्रकरण पुन्हा लावायला सांगितलं.

घोडं अडतंय ते कॅथरीनपाशी. ही ब्रिटिश परिचारिका तोंड उघडते तेव्हा वाचक आवाज बारीक करतो, शब्द ओढतो, लाडात येतो. तुझ्या मनात असेल तेच मी करीन, मला वेगळं असं काही नकोच, अशा अर्थाचं ती बरंच बोलते आणि ते सगळं कुकुलं बाळ बोलल्यासारखं ऐकू येतं. आईला तिचा रागच येऊ लागलाय. जखमी सैनिकांमध्ये रात्रंदिवस राबणारी बाई अशी बोलेल का, असं ती विचारते. हा दोष लेखनाचा की वाचनाचा, ते मला सांगता येत नाही.

शिवाय लांबलचक संवादांत कोण बोलतंय तेच कळेनासं होतं. मध्येच थांबवून मागे जावं लागतं आणि मग रंग उडतो.

तर आवृत्ती बदलावी का? की हीच पुढे नेली तर कॅथरीन उलगडत जाते? आणि एक महत्त्वाचं, आई हळवी आहे. पुढे अंगावर येणारं किती आहे, याची कल्पना शेवट न सांगता देता आली तर फार मदत होईल.

प्रतिसाद

मी ही आधी वाचली आणि नंतर ऐकली. तुमच्या आईंचा राग समजतो, पण कृपया सोडू नका. पहिल्या भागात कॅथरीन सांगते की आठ वर्षं वाङ्निश्चय झालेला तिचा प्रियकर फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारला गेला. हे ती फ्रेडरिकला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या नायकाला, पहिल्याच भेटीत, अगदी सपाटपणे सांगते. आता सहावं प्रकरण पुन्हा ऐका. ती त्याच्याकडून काही शब्द वदवून घेते, जणू तो आधीचा प्रियकरच परत आलाय. आणि थोड्याच वेळात स्वतःच म्हणते की आपण हा जो खेळ खेळतोय तो काही बरा नाही. म्हणजे तिला पक्कं ठाऊक आहे ती काय करतेय. ही भोळी पोरगी नाही, दुःखाने जवळजवळ वेडी झालेली आणि ते वेड ओळखून असलेली बाई आहे.

हे ध्यानात ठेवलं की हॉस्पिटलातलं तिचं 'मी म्हणजे तूच' हे बोलणं लाडिक राहत नाही, भीतीचं होतं. एक माणूस गमावलाय, दुसरा गमवायचा नाही. वाचकाने ती भीती आवाजात आणायला हवी होती. तुमच्या वाचकाने नुसता गोडवा आणलेला दिसतोय, त्यामुळे माझ्या मते दोष वाचनाचाच.

प्रतिसाद

वरच्या मताशी अर्धाच सहमत. सगळं खापर वाचकावर फोडू नये. कॅथरीनला स्वतःचं असं मन दिलंच नाही, ती पुरुषाच्या कल्पनेतली प्रेयसी आहे, हा आक्षेप समीक्षकांनी पूर्वीपासून घेतलाय आणि तिची बाजू घेणारेही तितकेच आहेत. कादंबरी फ्रेडरिकच्या तोंडून येते. आपल्याला कॅथरीन दिसते ती त्याला आठवते तेवढीच. म्हणून मला असं वाटतं की पुरुष वाचकाने तिच्यासाठी आवाज बदलूच नये. फ्रेडरिक तिचं बोलणं आठवून सांगतोय, तर ते त्याच्याच आवाजात, फक्त थोडं हळू, यायला हवं. चांगले वाचक तेवढंच करतात. बारीक आवाज काढला की बाईची नक्कल होते, आणि प्रेमकथेत नक्कल शिरली की प्रेम संपलं.

प्रतिसाद

संवादांच्या गोंधळाबद्दल. हेमिंग्वे 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' फार कमी लिहितो. छापील पानावर प्रत्येक बोलणं नव्या ओळीवर येतं, त्यामुळे डोळ्यांना वक्ता आपोआप कळतो. कानाला नवी ओळ दिसत नाही. वाचकाने दोन वाक्यांमध्ये किंचित थांबा घेतला नाही तर फ्रेडरिक, त्याचा मित्र रिनाल्डी आणि सैन्यातले धर्मगुरू एकमेकांत मिसळतात. जेवणाच्या टेबलावरचे प्रसंग तर भल्याभल्यांना जड जातात.

वेग वाढवून ऐकत असाल तर आधी तो मूळ वेगावर आणा, शक्य असेल तर किंचित कमी करा. या पुस्तकात थांबे म्हणजे अर्धा अर्थ आहे. दुसरं म्हणजे संवादाचं प्रकरण सुरू करण्याआधी तुम्ही मूळ मजकुरावर नजर टाका आणि आईंना एका वाक्यात सांगा, आता खोलीत कोण कोण आहे. पुस्तक भारतात २०२२पासून आणि अमेरिकेत २०२५पासून प्रताधिकारमुक्त आहे, त्यामुळे मजकूर मिळायला अडचण नाही.

आवृत्ती बदलायची असेल तर नमुना ऐकताना सुरुवातीचं प्रकरण ऐकून ठरवू नका. ते निवेदन आहे, तिथे बहुतेक सगळे वाचक चांगले वाटतात. कॅथरीन आणि फ्रेडरिक दोघंच बोलताहेत असं पान शोधा. तिथे दोन मिनिटांत निकाल लागतो.

प्रतिसाद

पुढे काय येणार ते शेवट न सांगता सांगतो.

तिसरा भाग म्हणजे कापोरेत्तोची माघार. २४ ऑक्टोबर १९१७ला ऑस्ट्रियन आणि जर्मन फौजांनी इटलीची फळी फोडली, अडीच लाखांहून जास्त इटालियन सैनिक कैद झाले आणि उरलेलं सैन्य पावसाचिखलातून तालियामेंतो नदीकडे मागे सरकलं. गंमत नाही, खरंच थक्क व्हायला होतं : हेमिंग्वे इटलीत आला तो १९१८मध्ये, रेड क्रॉसचा रुग्णवाहिका चालक म्हणून. ही माघार त्याने पाहिलेलीच नाही, तरी वाचताना कपडे ओले झाल्यासारखे वाटतात. ऐकायला हा भाग सर्वांत दमदार आहे, कारण संवाद कमी आणि चाल जास्त. नदीच्या पुलाजवळचा एक प्रसंग कठोर आहे. रक्ताची वर्णनं नाहीत, पण माणसं माणसांशी कशी वागतात ते आहे.

ऐकताना नकाशा जवळ ठेवा. गोरित्सिया, उदिने, तालियामेंतो ही नावं कानावरून निसटतात. इसोंझो नदी आजच्या नकाशात स्लोव्हेनियाच्या हद्दीत सोचा म्हणून सापडेल आणि कापोरेत्तो हे तिथलंच कोबारिद.

जखमांचं सर्वांत थेट वर्णन तुम्ही ऐकून झालात, ते नवव्या प्रकरणातलं, खंदकात तोफगोळा पडतो ते. पाचवा म्हणजे शेवटचा भाग वेगळा आहे. तो पुष्कळसा शांत आहे, पण एक्केचाळिसावं प्रकरण पुन्हा हॉस्पिटलात घडतं आणि लांब आहे. ते आधी तुम्ही एकट्याने ऐका. मग आईंना ऐकवायचं की नाही, दिवसा की कधी, ते तुम्हीच ठरवू शकाल. झोपताना लावू नका, एवढं मात्र आग्रहाने सांगतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सहावं प्रकरण आईला पुन्हा ऐकवलं. सोमचा उल्लेख आम्ही दोघींनीही पहिल्या वेळी कानाआड केला होता. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की हिला आपण उगाच नावं ठेवली, पण वाचकाला माफ करणार नाही. तिसरा भाग याच आवृत्तीत ऐकू, तिथे निवेदन जास्त आहे म्हणताय तर हा वाचक शोभेल. चौथ्यापासून दुसरा आवाज शोधते. दोन वाचकांची, म्हणजे कॅथरीनसाठी वेगळी स्त्री वाचक असलेली आवृत्ती घ्यावी का?

प्रतिसाद

या पुस्तकासाठी घेऊ नये असं माझं मत. वर एकांनी म्हटलंय तेच कारण, सगळं फ्रेडरिकच्या आठवणीतून येतंय. दुसरा आवाज आला की ते नभोनाट्य होतं. एकच वाचक घ्या, पण संयमी. आणि चौथ्या भागात रात्री सरोवरातून होडी वल्हवत नेण्याचं प्रकरण आहे, ३७वं. नव्या आवृत्तीचा नमुना तिथला मिळाला तर तोच ऐका. त्यात वारा, वल्ही आणि दोघांचं तुटक बोलणं सगळं एकत्र आहे. जो वाचक ते सांभाळेल तो उरलेलं पुस्तकही सांभाळेल.