चेहरे ओळखू न येण्याला मराठीत काय म्हणावं?

पुस्तकवाली

आमच्या वाचनगटात सध्या चेहरा आणि ओळख या विषयावरची पुस्तकं चालू आहेत. सुरुवात मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांच्या १९८५ सालच्या पुस्तकाने केली. त्यातले डॉ. पी. गायक आणि संगीतशिक्षक. तपासणी आटोपल्यावर ते टोपी शोधू लागतात आणि बायकोचं डोकं धरून उचलायला जातात. गटासाठी मला दोन पानांचं टिपण लिहायचंय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली आहे. प्रोसोपॅग्नोसियाला, म्हणजे चेहरे ओळखू न येण्याच्या त्यांच्या विकाराला, काय लिहू? 'मुखांधत्व' लिहिलं, खोडलं. 'चेहरांधळेपणा' लिहिलं, तेही खटकलं.

दुसरी अडचण याहून मोठी. पाहिलेलं माणूस ओळखणं, कुणाशी ओळख असणं, कुणाची ओळख करून देणं आणि 'मी कोण' ही ओळख, या चारांना इंग्रजीत चार शब्द आहेत. आपल्याकडे चारही ठिकाणी 'ओळख'. एका परिच्छेदात सात वेळा आला! मराठी इथे तोकडी पडते का?

निवृत्त मास्तर

तोकडी कशाने पडेल, ताई? आधी ते अंधत्व काढा. रातांधळ्याला रात्री दिसत नाही, रंगांधळ्याला रंगांतला फरक दिसत नाही. या मंडळींना चेहरा दिसतो. नाक, डोळे, हनुवटीवरचा तीळ, सगळं दिसतं. तो चेहरा कुणाचा, एवढंच कळत नाही. मूळ शब्दातही आंधळेपणा नाही. १९४७ साली योआखिम बोडामेर या जर्मन मेंदूतज्ज्ञाने तो घडवला. ग्रीक 'प्रोसोपॉन' म्हणजे चेहरा आणि 'अग्नोसिया' म्हणजे न जाणणं. त्यातला 'ग्नो' हा आपल्या 'ज्ञा'चा सख्खा भाऊ.

आणि नेमका शब्द हवा असेल तर तो आहे : प्रत्यभिज्ञा. पूर्वी पाहिलेलं आणि आत्ता समोर असलेलं एकच, हे कळणं. शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त. आठवणीत नुसता 'तो' असतो, डोळ्यांपुढे नुसता 'हा'. दोघांची गाठ पडली की प्रत्यभिज्ञा. काश्मिरी शैवांनी या एका शब्दावर अख्खं दर्शन उभं केलं. दहाव्या शतकातल्या उत्पलदेवांचा दृष्टान्त तुमच्या टिपणात घ्याच. एका पुरुषाचे गुण ऐकून एक स्त्री त्याच्यावर जीव लावून बसली आहे. तो तिच्यासमोर येऊन उभा राहतो, तरी तिला चारचौघांसारखाच दिसतो. 'अगं, हाच तो' असं कळेपर्यंत समोर असूनही तो तिला भेटलेला नसतो. जिवाचं आणि शिवाचं तसंच, असा त्यांचा रोख.

कालिदासानेही नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' ठेवलं, म्हणजे ओळखीची खूण. दुष्यंत शकुंतलेचा चेहरा पाहतो आणि नाही म्हणतो. कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते तेव्हा सगळं आठवतं. चेहऱ्याने जे होत नाही ते वस्तूने होतं.

तेव्हा माझा शब्द : मुख-अप्रत्यभिज्ञा.

कोकण्या

मास्तर, दंडवत. पण हा शब्द वाचून गटातली अर्धी मंडळी चहाला उठतील.

घरातलाच घ्या की, 'तोंडओळख'. फक्त तोंडाने माहीत असलेला माणूस. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, बाजारात दिसला तर मान हलवायची. पुढे पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तो पळवला आणि 'संगणकाची तोंडओळख' असली शीर्षकं आली. संगणकाचं तोंड कुणी बघितलंय? आता मोबाइल उघडायला आपणच त्याला तोंड दाखवतो, म्हणजे हिंडून फिरून शब्द घरी आला म्हणायचा. 'तोंडओळख नसणे' लिहा, मोकळ्या व्हा.

पुस्तकवाली

कोकण्या, शब्द आवडला, पण अर्थ उलटतो. 'माझी त्यांच्याशी तोंडओळख नाही' म्हणजे आमची कधी गाठच पडलेली नाही. डॉ. पी. तर बायकोबरोबर राहत होते.

कधीची गप्प

इथे सहसा लिहीत नाही, पण हे माझंच आहे. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. लग्नात कुणी हात धरून 'ओळखलंस का?' विचारलं की घाम फुटतो. मी आवाजावरून, चालीवरून, केसांवरून माणसं धरते. शेजारच्या काकूंनी केस कापले तेव्हा दोन दिवस त्यांना पाहुण्या समजत होते. (डॉ. पी. सुद्धा आइन्स्टाइनना केस आणि मिशीवरून ओळखतात, ते वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं.) शंभरात दोघांना तरी हे जन्मतः असतं म्हणतात. खुद्द सॅक्स यांनाही होतं. समोर दाढीवाला माणूस आला म्हणून ते वाट द्यायला थांबले, क्षमा मागितली, आणि समोर आरसा होता.

शब्दाबद्दल एवढंच सांगते. लोक माझ्याबद्दल म्हणतात, 'ती ओळख दाखवत नाही.' दाखवणं हे माणसाच्या मनावर असतं. माझ्या मनावर काहीच नाही. मला ओळख पटत नाही.

मेंदूवाली

वरच्या ताईंनी हातात किल्लीच दिली. माझा विषय मानसशास्त्र, म्हणून थोडं लांबण लावते.

मराठीत 'ओळखू येणे' आणि 'ओळख पटणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बोलताना आपण त्या एकमेकींच्या जागी वापरतो, पण ओढ वेगळी आहे. ओळखू येणं हे डोळ्यांकडचं, पटणं हे मनाकडचं. सौदा पटतो, मुलगी पटते, मुद्दा पटतो. सगळीकडे आतून होकार यावा लागतो. मेंदूतही हे दोन रस्ते वेगळे असावेत असं दिसतं. १९८४ साली रसेल बाउअर या संशोधकाने चेहरे न ओळखणाऱ्या एका रुग्णाला ओळखीच्या माणसांचे फोटो दाखवून नावं वाचली. रुग्णाला खरं नाव निवडता येईना, पण खऱ्या नावाला त्याच्या त्वचेची विद्युतवाहकता वाढत होती. तोंडाने नाही म्हणत होता आणि तळहाताला घाम येत होता!

याच्या नेमकं उलट म्हणजे कापग्रा नावाचा भ्रम. जोझेफ कापग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १९२३ मध्ये एका बाईची हकिगत सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केली. तिचं म्हणणं, घरच्यांना कुणीतरी पळवून नेऊन हुबेहूब दुसरी माणसं आणून ठेवली आहेत. असा रुग्ण म्हणतो, 'दिसायला अगदी माझी बायको आहे, पण ही ती नव्हे.' एलिस आणि यंग यांनी १९९० मध्ये तर्क मांडला की इथे डोळ्यांचा रस्ता शाबूत असतो आणि भावनेचा तुटलेला. पुढे तपासलं तेव्हा या रुग्णांत घरच्यांचे चेहरे पाहून त्वचेची विद्युतवाहकता खरंच तशी वाढत नव्हती.

म्हणजे मास्तरांचा 'हा' समोर आहे, 'तो'ही आठवतोय, आणि गाठ पडत नाही. ओळखू येते पण ओळख पटत नाही. इंग्रजीत हे सांगायला मला एक परिच्छेद लागतो.

इतिहासवेडा

कापग्राच्या 'हुबेहूब दुसऱ्या'ला मराठीत तयार शब्द आहे : तोतया. 'बहुरूपी' किंवा 'सोंगाड्या' नव्हे, त्यांचं सोंग सगळ्यांना माहीत असतं. तोतया खऱ्याची जागा घेतो.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ गेले आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ मध्ये त्याने कोकणात मोठं बंड केलं, माणसं त्याच्यामागे गेली, शेवटी पकडून त्याला मारलं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही असं सांगतात. पंधरा वर्षांत माणसाचा तोंडवळा किती राहतो? लोकांना ओळख पटली की पटवून घ्यायची होती, हा माझ्या मते खरा प्रश्न. 'पटवून घेणे' हाही तुमच्या यादीत टाका.

पुस्तकांचंच चालू आहे तर गटाला नॅटली झेमन डेव्हिस यांचं १९८३ सालचं मार्टिन गेरवरचं पुस्तक सुचवतो. सोळाव्या शतकातलं फ्रान्समधलं खेडं, नवरा परागंदा, काही वर्षांनी परतलेला माणूस तोतया, आणि बायकोने त्याला घरात घेतलेलं. साक्षीदार दुभंगले. गावचा चांभार मात्र म्हणाला, मार्टिनचं पाऊल याच्यापेक्षा मोठं होतं. मग खरा मार्टिन लाकडी पायावर कोर्टात आला आणि १५६० मध्ये तोतया फासावर गेला.

जाता जाता, 'चेहरा' फारसीतून आला. मुघल फौजेत 'दाग ओ चेहरा' होता, म्हणजे घोड्याला डाग आणि शिपायाच्या वर्णनाची लेखी नोंद. त्या नोंदीलाच चेहरा म्हणत. विमानतळावरचा कॅमेरा आज तेच करतो, फक्त कारकून गेला.

जव्हारची

मेंदूचं मला कळत नाही, पण ग्रीक 'प्रोसोपॉन'चा अर्थ मुखवटाही होतो ना? त्यावरून एक. हल्ली 'त्याने मुखवटा घातलाय' म्हणजे तो ढोंगी, असं सर्रास लिहितात. मराठीत मुखवटा मुळात लपवायला नव्हता. गौरीचे मुखवटे मांडले की गौर आली. खंडोबाचा मुखवटा म्हणजे खंडोबा. आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, मुखवटा चढवला की आतला माणूस कुणाचा कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, तरी पाया पडतात. टिपणात मुखवट्याला खोटेपणाशी जोडू नका, एवढीच विनंती.

निवृत्त मास्तर

जव्हारच्या ताई, बरोबर आहे. लॅटिन 'पर्सोना'ही आधी नाटकातला मुखवटा, मग माणूस. माझा 'मुख-अप्रत्यभिज्ञा' मागे घेतो. (अर्धाच.)

पुस्तकवाली

सगळ्यांचे आभार. वाक्य असं झालं : 'डॉ. पीं.ना चेहरा दिसे, पण चेहऱ्यावरून ओळख पटत नसे.' रोगाचं नाव एकदाच, प्रोसोपॅग्नोसिया म्हणूनच ठेवलं. बाकी ठिकाणी ओळख होणे, ओळख असणे, ओळख दाखवणे, ओळख करून देणे असं क्रियापदावर सोपवलं, आणि सात वेळा आलेला शब्द आता खटकत नाही.

उरला तो चौथा, 'मी कोण' वाला. तिथे 'अस्मिता' लिहू का?

निवृत्त मास्तर

नका लिहू. वर्तमानपत्रांत अस्मिता दुखावते, जागी होते, मोर्चा काढते. पतंजलींच्या योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक आहे, अविद्येच्या लगेच नंतरची. पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच आहेत असं वाटणं म्हणजे अस्मिता. आरशाला वाट देणाऱ्या माणसावरच्या टिपणात हा शब्द फार गुंता करेल.

कोकण्या

आमच्या गावात 'तू कोण' असं विचारतच नाहीत. 'कुणाचा रे तू?' विचारतात. मग सांगायच्या आतच, 'नाक आजोळचं दिसतंय.'

कधीची गप्प

नाकावरून आजोळ! मला तर समोर आजोबा उभे राहिले तरी आधी त्यांची काठी बघावी लागते. ताई, टिपण झालं की इथे टाका.