घरच्या संगणकावर फाइलींचे इंडेक्सिंग चालू ठेवावे का?

दादर_पूर्व :
मी घरी बसून न्यायालयीन कागदपत्रांची भाषांतरे करतो. संगणक जुना आहे. विंडोज १०, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. सकाळी तो सुरू केला की बराच वेळ डिस्कचा दिवा विझत नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये इंडेक्सिंगची (म्हणजे शोधासाठी फाइलींची सूची करण्याची) सेवा वरच्या ओळींत दिसते. एवढे होऊनही डी ड्राइव्हवरच्या भाषांतरांत एखादा शब्द शोधायला जावे, तर हिरवी पट्टी सरकत राहते आणि तेवढ्यात माझा चहा पिऊन होतो. मग ही सेवा सरळ बंदच का करू नये?

मुलुंडवासी :
बंद करण्यापूर्वी कंट्रोल पॅनेलमधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडून तिथे कोणती ठिकाणे नोंदलेली आहेत ते पाहावे. मूळ मांडणीत विंडोज प्रामुख्याने आपले डॉक्युमेंट्स, चित्रे, डेस्कटॉप अशा नेहमीच्या फोल्डरांचीच सूची करते. डी ड्राइव्ह आपण मुद्दाम जोडल्याशिवाय तीत येत नाही. म्हणजे आपला संगणक राबतो ते सी ड्राइव्हसाठी आणि आपण शोधता डी ड्राइव्हवर, जिथे प्रत्येक फोल्डर नव्याने चाळण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

ही सूची पुस्तकाच्या शेवटी असते तशीच असते : शब्द आणि तो कोणकोणत्या फाइलींत आहे याची नोंद. ती प्रथम तयार होताना प्रत्येक फाइल उघडून वाचावी लागते, आणि तबकडीच्या डिस्कवर वाचणारे टोक सतत इकडून तिकडे हलवावे लागत असल्याने तो त्रास जाणवतो (एसएसडीवर, म्हणजे तबकडी नसलेल्या डिस्कवर, सहसा जाणवतही नाही). एकदा सूची झाली की पुढे फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली वाचल्या जातात, आणि आपण काम करत असताना ही सेवा स्वतःचा वेग कमी करते. त्यामुळे रोज सकाळी तेच घडत असेल तर सूचीत सतत बदलणारे एखादे फोल्डर अडकले आहे का, हे पाहावे लागेल.

जुना_टंकलेखक :
माझे मत थोडे वेगळे आहे. मी ही सेवा केव्हाच बंद केली आणि ‘एव्हरीथिंग’ हा छोटा प्रोग्राम वापरतो. एनटीएफएस (फाइली मांडण्याची विंडोजची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर सर्व फाइलींची नावे एका मुख्य तक्त्यात असतातच. हा प्रोग्राम तेवढाच तक्ता वाचतो, त्यामुळे लाखो नावांची यादी अल्पावधीत तयार होते. मात्र तो मुळात शोधतो ती नावे. फाइलीला ‘नवीन२_अंतिम’ असे नाव देणाऱ्याचा त्याच्यापुढे निभाव लागायचा नाही.

भाषांतरकार असल्याने आपल्याला मजकुरातलाच शब्द हवा असणार, हे मान्य. पण युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठीची सामायिक संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन चिन्हे साठवलेली असतात आणि फाँट त्यांना केवळ मराठी रूप देतो. ‘कुळकायदा’ हा शब्द पडद्यावर स्वच्छ दिसत असला, तरी सूचीच्या दृष्टीने तो त्या फाइलीत नाहीच. स्कॅन केलेल्या पीडीएफचेही तेच; ते नुसते चित्र असते.

दादर_पूर्व :
दोघांचेही आभार. सूचीत खरोखरच डी ड्राइव्ह नव्हता; उलट मोबाइलमधून आपोआप उतरणाऱ्या छायाचित्रांचे फोल्डर मात्र होते आणि ते रोज सकाळीच भरत होते. ते काढले, भाषांतरांचे फोल्डर जोडले आणि रात्रभर संगणक चालू ठेवला. आज ‘वहिवाट’ हा शब्द दिला, तर अलीकडच्या सर्व फाइली लगेच समोर आल्या. जुन्या फाँटमधल्या एकीचाही पत्ता नाही. त्या आता रविवारी एकेक करून युनिकोडमध्ये आणायला घेतो.