वृद्धाश्रमात पार्ट-टाइम फार्मासिस्ट मिळेल का? (बडोदा)

माझी मावशी इथे एका वृद्धाश्रमात आहे, ४० जण राहतात, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. परवा तिचा गोळ्यांचा डबा उघडला तर ॲम्लोडिपिन ही बीपीची एकच गोळी दोन वेगळ्या ब्रँडची, दोन्ही रोज चालू, आणि पाय हे एवढे सुजलेले! डॉक्टरांना विचारून एक बंद केली, पण बाकीच्यांचं काय? मेडिकलवाला म्हणतो मी चिठ्ठीप्रमाणे देतो, सिस्टर सकाळी एकटीच असते, ती तरी काय काय बघणार. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून वृद्धाश्रमातच फार्मासिस्ट ठेवायला सरकार पैसे देतं, २५० बेडला एक पूर्णवेळ. आम्हाला आठवड्यातून दोन दिवस सगळ्यांच्या गोळ्या तपासून डॉक्टरांना कळवणारं कोणी मिळालं तरी पुरे. मॅनेजर तयार आहेत, फक्त पूर्ण पगार झेपणार नाही. बडोद्यात कोणी फार्म.डी. (फार्मसीतली डॉक्टरेट पदवी) झालेले किंवा रिटायर्ड हॉस्पिटल फार्मासिस्ट असं काम करतात का, आणि साधारण किती घेतात?